‘र’च्या डोक्यावरची रेघ

माह्या मशीनवर दोनचा आकडा नव्हता.

म्हणजे पहिले होता. शाळेनं नागपूरहून जुनी मराठी टाईपरायटर आणली तवा सगळे आकडे जागच्या जागी होते. मंग कोण्या दिवशी, माह्या आधीच्या बाबूच्या काळात, दोनचा ठसा निखळून कुठंतरी पडला. या मशीनमधी हरेक अक्षराची एक लोखंडी काडी राहाते अन् काडीच्या शेंड्यावर अक्षराचा ठसा झाळून बसवलेला राहाते. ठसा गेला का काडी बोडकी. दोनचं बटन दाबलं का बोडकी काडी उठे, कागदाले टोच्या मारे अन् परत येऊन निजे. दुरुस्तीवाला नागपूरहून वर्षातून एकदा ये, तो बी आला तं आला.

आधीच्या बाबूनं जाता जाता मले उपाय शिकवला. म्हणे, "र मार. मंग लाल पाण्यानं त्याच्या डोक्यावरची रेघ मिटव. झाला दोन."

खोटं नाही. र अन् २ मधी फरक तो काय, डोक्यावरच्या रेघेचा. अन् आमचं सगळं काम स्टेन्सिलवर. स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला निळा कागद. मशीनची रिबन बाजूले करून त्यावर टाईप केलं का अक्षराच्या आकाराचं भोक पडते. तो कागद सायक्लोस्टाईलच्या डब्यावर गुंडाळा, शाई भरा, हँडल फिरवा, शंभर पेपर बाहेर. चुकलं तं शिशीतलं लाल पाणी ब्रशनं लावून भोक बुजवाचं. नखपॉलिशसारखा वास ये त्याले. मी दिवसभर ते लावत बसो तं घरी वहिनी म्हणे, "भाऊजी, शाळेत जाता का बांगड्याच्या दुकानात?"

शाळा तुमसरले होती, घर सिहोऱ्याच्या अंगाले. आधीचा बाबू दुसरीकडं लागला, त्याच्या जाग्यावर मले एका वर्षासाठी घेतलं होतं. वर्ष भरलं का हेडमास्तर शेरा लिहीन, संस्था तो पाहीन, मंग कायमची ऑर्डर. शेरा वाईट आला तं सायकल उचल अन् धानाच्या बांधीत चिखल तुडवाले जा. हे मले माहीत होतं. गावाले माहीत नव्हतं. गावाले मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं का मी परमनंट आहो. बापानं त्या आनंदात माहा धानाचा वाटा मोठ्या भावाकडं देऊन टाकला. म्हणे, "तुले कायले पाहिजे आता? तू तं सर्विसवाला." म्हणजे नोकरी गेली असती तं मी बांधीतला बी राहिलो नसतो. नुसता लबाड म्हणून राहिलो असतो.

मले लहानपणापासून दुसऱ्यायचे आवाज काढाची खोड. हेडमास्तर बोलाच्या आधी "हूं" म्हणत, जसं काही गाडी चालू करून राहिले. खेळाचे सर ‘लाईनीत’ म्हणता म्हणता शेवटचा ‘त’ खाऊन टाकत. हे सगळे मी ऑफिसात करून दाखवो. ऐकणारा एकच, शाळेचा चपराशी. त्याले सगळे मामा म्हणत. मामाची सर्विस हेडमास्तरापेक्षा जुनी होती अन् तो हासला का त्याचं पोट आधी हाले, आवाज नंतर ये.

गणिताच्या सरायची नक्कल सगळ्यात सोपी होती. काटकुळे, पांढरा सदरा, खिशात लाल पेन. साधं बोलत तवा आपल्यासारखं बोलत. राग आला का एकदम पुस्तकातलं मराठी सुरू होई. "मूर्खा, तुझ्या मस्तकात काय भरले आहे?" असं. स्टाफरूममधी त्यायचा कप वेगळा होता, निळ्या किनारीचा. चहा आला का ते कप घेऊन भिंतीकडं तोंड करत, रुमाल तोंडापाशी धरत अन् घोट घेत. मी ऑफिसात शाईची शिशी हातात घेऊन, भिंतीकडं तोंड करून ते सगळं करून दाखवो. मामाचं पोट हाले.

सरायचा एक हट्ट होता. नव्या दहावीच्या पुस्तकात एक्स अन् वाय आले होते. सर वर्गात म्हणत, "क्ष म्हणा. य म्हणा. त्रिज्येले आर नाही, र म्हणा. ज्या अक्षरानं आईले हाक मारता त्याच अक्षरानं गणित करा." (हे मी त्यायच्याच आवाजात लिहून राहिलो, तुमाले ऐकू येत नाही एवढंच.) हेडमास्तर बी काही म्हणत नसत, कारण बोर्डात सरायच्या विषयात पोरं कमी नापास होत.

पण मराठी अक्षरात गणित लिहिलं का एक गंमत होते. क्ष अन् य चा गुणाकार केला का क्षय. त्याले अ नं गुणलं का अक्षय. ही गंमत मले टाईप करता करता सापडली. गंमत सापडली अन् मी चूप बसलो, असं कधी झालं नाही.

दुसऱ्या सहामाहीच्या चाचणीचा पेपर होता. मी त्याची पहिली प्रत छापून स्टाफरूममधी नेली. रीतच होती तशी: शंभर प्रती काढाच्या आधी पहिली प्रत ज्याचा पेपर त्यानं तपासाची अन् खाली सही कराची. मधली सुट्टी होती, सगळे चहा पिऊन राहिले होते. सर भिंतीकडं तोंड करून उभे. मी दारातच थांबलो अन् त्यायच्या आवाजात वाचाले लागलो:

"प्रश्न पहिला. क्षय अधिक तीन क्षय. एकूण किती क्षय झाले? प्रश्न दुसरा. अक्षय उणे क्षय. क्षय सामाईक काढा, काय उरते?"

अन् मंग माह्या आवाजात, "सर, हा गणिताचा पेपर आहे का सरकारी दवाखान्याचा?"

खेळाचे सर हासले. अर्धंच हासले. बाकीचे आपापल्या कपात पाहाले लागले. सरायनं कप खाली ठेवला, रुमालानं पुसला, रुमालातच गुंडाळला. माह्याजवळ आले, पेपर घेतला, दोन मिनिटात तपासला, सही केली. "बरोबर आहे," म्हणाले अन् बाहेर गेले. मी लागल्यापासून सरायच्या एका बी पेपराचं काम एवढं सीधं झालं नव्हतं.

ऑफिसात आल्यावर मामानं दार लोटलं.

"बाबू, तुले कोणी सांगतलं नाही का?"

"काय?"

"सरायले झाला होता ना तो. क्षय. जवानीत. दोन वर्ष दवाखान्यात काढले. जमलेलं लगन मोडलं, मंग केलंच नाही. बरे होऊन जमाना झाला, तरी कप वेगळा ठेवते अन् आपल्या हातानं धुते."

म्हणलो, "मामा, मंग मी कपाची नक्कल करो तवा तुम्ही हासत काहून होते?"

"नक्कल चांगली होती म्हणून हासलो," मामा म्हणे. "तूच इचारलं नाही कायची आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागाले गेलो. घरून निघताना चांगले दोन वाक्य पाठ केले होते. सर वर्गाबाहेर उभे होते, हाताले खडू लागलेला. माहं पहिलं वाक्य अर्धं व्हाच्या आधी म्हणाले, "माफी? कशाची माफी? तू क्ष ला य ने गुणलेस. उत्तर बरोबर आले." पुस्तकातलं मराठी. मी समजलो.

"सर, मले माहीत नव्हतं."

"आता झालं." अन् ते आपल्या बोलीवर आले. ते जास्त वाईट होतं. "पंधरा दिवसानं दहावीची पूर्वपरीक्षा आहे. हा घे पेपर. आजपासून माह्या पेपरात हातानं एक बी रेघ ओढाची नाही. सगळं मशीनवर पाहिजे."

"वर्गमूळ, सर? ते मशीनवर कसं..."

"तू हुशार आहे. सगळ्या शाळेचे आवाज काढते. मशीनले बी काढाले लाव." जाता जाता वळले. "अन् तुह्या शेऱ्यासाठी हेडमास्तरायनं मले इचारलं आहे. या पेपराचं काम पाहून सांगीन."

आता हे समजून घ्या. गणिताची चिन्हं मशीनवर नसते. सगळे बाबू काय करते, तं अक्षरं टाईप करते, चिन्हाची जागा मोकळी सोडते अन् मंग टोकदार लेखणीनं स्टेन्सिलवर हातानं वर्गमूळ, पाय (π), कोन काढते. मी हेडमास्तराकडं गेलो तं ते म्हणाले, "हूं. सर सांगतात ते बरोबर आहे. हाताने ओढलेली रेघ पन्नास प्रतींनंतर फाटते. मुलांना स्वच्छ पेपर मिळेल." म्हणजे सरायनं खुन्नस बी अशी काढली का तिच्यात खोट काढता येऊ नये.

पेपर पाहिला. सरायनं जगातली सगळी चिन्हं त्यात घातली होती. संच होते, छेद होते, वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ होतं. माह्याजवळ दोन मशीन: एक मराठी, तिच्यावर बेरजेचं बी चिन्ह नाही, दुसरी इंग्रजी, तिच्यावर बेरीज अन् बरोबर तेवढं आहे. म्हणजे एक ओळ टाईप कराची तं अक्षरं मराठीवर मारा, स्टेन्सिल काढा, इंग्रजीत घाला, रेघेले रेघ जुळवा, चिन्ह मारा, काढा, परत मराठीत. केसभर सरकलं का बेरजेचं चिन्ह क्ष च्या पोटात.

मी चार दिवस त्या पेपरावर बसलो. सांगतो ते फुशारकी समजा. भागाकाराचं चिन्ह: अपूर्णविराम मारा, एक घर मागं या, मधून आडवी रेघ मारा. घात: रोलर अर्धं घर खाली फिरवा, आकडा मारा, परत आणा. पाय: दोन मोठे टी, एकमेकाच्या खांद्यावर खांदा, त्यासाठी मशीनचा गाडा हातानं धरून अर्धं घर सरकवा लागे. रिकामा संच: शून्यावर तिरपी रेघ. संयोग तं सोपा, इंग्रजी यू. छेद म्हणजे उलटा यू. त्यासाठी मी स्टेन्सिलच उलटी घातली, डोकं खाली पाय वर, अन् मोजून त्या जाग्यावर यू मारला. सीधी करून पाहिली तं छेद. मी खुर्चीवरून उठून एकटाच नाचलो. वर्गमूळ: लहान व्ही, अन् रोलर वर करून त्याच्या माथ्यावरून अधोरेषा मारत नेल्या. गोल अक्षर जोरानं मारलं का त्याचं पोट गळून पडे अन् छपाईत काळा ठिपका ये, म्हणून शून्य असे मारो जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी हाकलतो.

अन् मधात मधात दोन. त्या पेपरात दोन म्हणजे पावसाळ्यातल्या किड्यासारखे. हरेक दोनसाठी र मार, ब्रश बुडव, डोकं पुस. मी मोजले नाही, पण हाताले वास लागला तो जेवताना भाताले ये.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटच्या पानावर आलो. प्रश्न असा होता:

जर २πर = ४४ आणि π = २२/७, तर र ची किंमत काढा.

मराठी मशीनवर मी ‘र’ मारला, दोन टी ची जागा सोडली, परत ‘र’ मारला. इंग्रजीवर नेऊन पाय मारला, बरोबरचं चिन्ह मारलं. मंग स्टेन्सिल खिडकीपाशी उजेडात धरली. रπर = ४४. पहिल्या र चं डोकं पुसाचं राहिलं होतं.

समजलं ना? डोकं पुसलं तं दोन पाय र. उत्तर सात. नाही पुसलं तं र पाय र, म्हणजे पाय र चा वर्ग. उत्तर चौदाचं वर्गमूळ, ज्याचा शेवट कधी येत नाही.

बाकीचे दोन कोणी बी वाचून घेतले असते. रर/७ असं छापलं असतं तरी सगळ्यायनं बावीसच वाचलं असतं. पण या एका जाग्यावर र बी बरोबर होता अन् दोन बी बरोबर होता.

ब्रश माह्या हातात होता. शिशी उघडी होती. एक पुसट लाल टिपका लावाचा होता, बस. मी ब्रश शिशीत ठेवला अन् झाकण लावलं.

भूल झाली असं मी तवा सगळ्यायले सांगतलं. भूल नव्हती. मी मनात म्हणलो: चार दिवस माहे मणके मोडले या माणसानं. तपासणार तोच, सही करणार तोच. दिसलं तं दिसलं. नाही दिसलं तं सही त्यायची, फजिती त्यायची, वर्गात पोरं इचारतीन तवा सात सांगते का चौदाचं वर्गमूळ ते आपण दारातून ऐकू. मी तं नकलेचं वाक्य बी तयार केलं होतं.

पहिली प्रत घेऊन गेलो. सर एक तास बसले. लाल पेन घेऊन एकेका चिन्हावर गेले. उलट्या यू पाशी थांबले, कागद फिरवून पाहिला, माह्याकडं पाहिलं, पुढं गेले. एक स्वल्पविराम चुकला होता, तो काढला. शेवटच्या पानावर पेन एका जाग्यावर टेकला. पेन उचलला, पुढं गेला. सही.

"बरोबर आहे," म्हणाले.

मी मनात म्हणलो, नाही दिसलं. खुशीत हँडल फिरवलं.

परीक्षेच्या दिवशी मी पुरवण्या वाटत होतो. वर्गावर खेळाचे सर होते. पहिल्या बाकावर एक पोरगी बसे, वर्गात गणितात पहिली. तिचा बाप तलावात मासे धरे अन् ती सकाळी बाजारात बापाजवळ बसून मंग शाळेत ये. हिशोब तोंडी करे. तिनं हात वर केला.

"सर, हे दोन आहे का र आहे?"

खेळाच्या सरायनं पेपर डोळ्याजवळ नेला, दूर नेला. "मले काय इचारते? जे छापलं ते सोडव. लाईनी... बस."

ती बसली. मी तिच्या बाकापासून दोन हातावर उभा होतो. मले सांगता आलं असतं. ती चौदाचं वर्गमूळ काढाले बसली, भागाकारासारखं मांडून, जोड्या पाडून. तीन पूर्णांक सात चार एक. वाटत होतं तिले, कुठंतरी संपन. नाही संपत ते. मागच्या बाकावरच्या ढ पोरायनं तं रेघ पाहिलीच नाही, सवयीनं दोन वाचलं, सात लिहिलं अन् मोकळे झाले. घंटा झाली तवा शेवटी सोडवाले ठेवलेली तिची भूमिती कोरी होती.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन सीधी हेडमास्तराच्या खोलीत गेली. बाप बाहेर व्हरांड्यात उभा, चप्पल हातात. मंग मामा मले बोलवाले आला, अन् सरायले बी. मामाचं पोट हालत नव्हतं.

हेडमास्तरायनं पेपर टेबलावर ठेवला. "हूं. ही म्हणते हे र आहे."

"र आहेच," ती म्हणे. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "डोक्यावर रेघ आहे. दुसरीकडं दोनले रेघ नाही. मी पाह्यलं सगळीकडं. मंग मी जे छापलं ते सोडवलं."

"बरोबर केलंस. जा तू."

ती गेल्यावर सर बोलले. पुस्तकातलं मराठी. "ही टंकलेखकाची लबाडी आहे. याने मुद्दाम केले. हा माझ्यावर डूख धरून आहे. असल्या माणसाला संस्थेने कायम करणे म्हणजे..."

मले याचीच वाट होती. पहिली प्रत मी फायलीत जपून ठेवली होती. काढली अन् टेबलावर ठेवली. "सर, सही कोणाची आहे? मी बाबू. सरायनं बरोबर म्हणलं तं मी छापलं. भूल झाली माही, पण तपासणारे मी नाही ना."

आता हे बोलताना माहा आवाज आपोआप थोडासा सरायसारखा निघाला. खोड ती खोड. सरायच्या गालावरची शीर उडाली.

हेडमास्तरायनं चष्मा लावला अन् शेवटचं पान डोळ्यापाशी नेलं. बहुत वेळ पाहात राहिले. मंग प्रत सरायपुढं सरकवली.

"हूं. सर, हा ठिपका कसला?"

त्या र च्या खाली एक लाल ठिपका होता. बारीक. पेन टेकवून उचलला का पडते तसा. बाकी सगळ्या पानावर बरोबरच्या खुणा होत्या, इथं खूण नव्हती. नुसता ठिपका.

सरायनं खिशातला लाल पेन चाचपला.

"तुम्हाला दिसलं होतं," हेडमास्तर म्हणाले. "दिसलं, थांबलात, आणि सही केलीत. म्हणजे परीक्षा झाली की बाबूची मान सापडेल." मंग माह्याकडं वळले. "आणि बाबू, तू. या पेपरात बाकी एकाही दोनच्या डोक्यावर रेघ राहिली नाही. एवढ्या एकाच जागी भूल झाली? जिथे भूल चालत नाही तिथेच?"

खिडकीतून तिचा बाप दिसत होता. पोरगी त्याले काहीतरी समजावून सांगत होती, हवेत बोटानं र काढून.

"पोरीची भूमिती कोरी राहिली," हेडमास्तर म्हणाले. "हे तुम्ही दोघांनी मिळून केलं. एकमेकांना न विचारता." त्यायनं ‘हूं’ म्हणलं नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यायले बिना हूं बोलताना ऐकलं अन् मले त्याची नक्कल करता येईना.

त्याच दिवशी ठरलं का सात बी बरोबर धराचं अन् वर्गमूळ बी, अन् त्या पोरीले भूमितीचा भाग वेगळा बसून लिहू द्याचा. सरायनं ते वर्गात उभं राहून सांगतलं. मी दारातून ऐकाले गेलो नाही.

पण माहा शेरा बाकी होता. त्याच आठवड्यात संस्थेकडं कागद जाणार होता. दोन दिवसानं हेडमास्तरायनं आमाले दोघायले परत बोलावलं. टेबलावर माहा फॉर्म. शेऱ्याची जागा कोरी.

"सर, तुम्ही सांगा. काय लिहू?"

मी पायाच्या अंगठ्याकडं पाहात उभा. मनात गाव दिसत होतं. बाप, भाऊ, बांधीवरचे लोक, "का हो सर्विसवाले, घरीच?"

सरायनं फॉर्म उचलून वाचला, परत ठेवला. मंग आपल्या बोलीत बोलले, माह्याकडं न पाहता.

"ठेवा याले."

हेडमास्तर बी चकित झाले. "का?"

"नवा आला तं तो कुठं लबाडी करते हे शोधाले मले दोन वर्ष जातीन. याची समजली."

"आणि तुमची?"

"माही त्याले समजली."

मी वर पाहिलं. वाटलं, आता तरी पाहातीन माह्याकडं. नाही. मी "सर," म्हणलो, तं म्हणाले, "मी तुह्यासाठी नाही बोललो. तू मले आवडला नाही अन् आवडणार नाही. तू माह्या बीमारीवर लोकायले हासवलं. उलटा यू मारता येते तुले, तेवढ्यासाठी राह्य."

मले बी ते आवडले नाही. ज्या माणसानं आपल्यावर मेहेरबानी केली तो आवडलाच पाहिजे, असं पुस्तकात लिहिलं राहाते. मले त्यायची मेहेरबानी दाढेत अडकल्यासारखी लागली. त्यायच्या बीमारीवर बोललो ते माहं चुकलं, हे मी मानतो. त्यायनं एका पोरीचा पेपर जाळ्यासारखा वापरला, हे बी मी मानतो. अन् त्या जाळ्याची दुसरी दोरी माह्या हातात होती, हे मले मानाच लागते. कोणाचं किती, हे गणित मी सोडून दिलं.

महिन्यानं संस्थेची मंजुरी आली. आता ऑर्डर टाईप करणार कोण, तं शाळेत बाबू एकच. मीच माही कायमची ऑर्डर टाईप केली. पाच ओळी. साधा कागद, ना स्टेन्सिल ना चिन्ह. एकेक अक्षर असं मारलं जसं सोन्याचं आहे. तारखेत जिथं जिथं दोन होता तिथं र मारला अन् ब्लेडनं डोकं खरवडलं, फुंकर मारली, परत पाहिलं. हेडमास्तराकडं सहीले नेली.

हेडमास्तरायनं वाचली. पेन उघडला. मंग पेन बंद केला अन् मामाले म्हणाले, "सरांना बोलवा. त्यांना एकदा पाहू दे."

सर आले. उभ्या उभ्याच कागद घेतला, खिडकीच्या उजेडात धरला अन् बोट ठेवून वाचाले लागले. पाच ओळी. दोनपाशी थांबले. दुसऱ्या दोनपाशी थांबले. मी टेबलाचा कोपरा धरून उभा. मले त्या घडीले समजलं का या माणसाच्या बोटाखालून माहा हरेक कागद आता असाच जाणार, तो रिटायर होईपर्यंत.

"आकडे बरोबर आहे," सर म्हणाले. कागद टेबलावर ठेवला. "डावीकडचा समास वाकडा आहे. परत टाईप करून आण."

मी परत टाईप केली. मंग म्हणाले, संस्थेच्या नावातला अनुस्वार पुसट आला. तिसऱ्यांदा टाईप केली, तवा सही झाली.